पुंगळी किती दाबायची?

रायफलची काडतुसे घरी पुन्हा भरायला लागलेल्या प्रत्येकाला पहिल्याच महिन्यात एक प्रश्न अडवतो: प्रेसमध्ये डाय नेमकी किती खाली फिरवायची? डायच्या डबीतला कागद सांगतो, शेल होल्डरला टेकवा आणि वर आणखी पाव फेरा द्या. रेंजवरचे जुने नेमबाज म्हणतात, फक्त मान दाबा, बाकी पुंगळीला हात लावू नका. तिसरा म्हणतो, दर वेळी पूर्ण पुंगळी दाबा, नाहीतर ऐन शिकारीत बोल्ट अडकेल. तिघेही अनुभवाने बोलतात, पण प्रत्येकाची रायफल वेगळी असते. तुमच्या रायफलचे उत्तर तुमच्याच चेंबरमधून बाहेर आलेल्या पुंगळीत असते आणि ते मोजून काढता येते. हा लेख त्या मोजणीसाठी आहे.

दारूचा प्रकार आणि वजन यांबद्दल इथे काहीही सांगितलेले नाही. त्यासाठी गोळी किंवा दारू बनवणाऱ्या कंपनीची ताजी छापील पुस्तिकाच वापरा.

आधी कायदा

हा छंद प्रामुख्याने अमेरिकेतला. तिथल्या संघीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला परवाना लागत नाही. प्रेस, डाय, कॅलिपर ही अवजारे उघडपणे दुकानात मिळतात. भरलेली काडतुसे विकण्याचा धंदा करायचा असेल, तर मात्र दारूगोळा-उत्पादकाचा संघीय परवाना घ्यावा लागतो. राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. तुमच्या राज्याचे आधी वाचा.

मराठी वाचकांसाठी याहून महत्त्वाचा मुद्दा व्हिसाचा आहे. तुम्ही एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल, तर संघीय कायदा सर्वसाधारणपणे तुम्हाला बंदूक आणि दारूगोळा जवळ बाळगू देत नाही. अपवाद मोजके आहेत. अमेरिकी राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा त्यांतला सर्वांत परिचित. शिवाय त्या कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत सुट्या पुंगळ्या, प्रायमर, गोळ्या आणि दारूही येते. म्हणजे ‘रायफल मित्राची, माझ्याकडे फक्त पितळ आहे’ हा बचाव टिकत नाही. ग्रीन कार्डधारकांना ही व्हिसाची बंदी लागू नाही. आपण कुठल्या गटात बसतो याबद्दल किंचितही शंका असेल, तर पहिली पुंगळी घरी आणण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. यात चूक झाली तर शिक्षेबरोबर देशातला मुक्कामही पणाला लागतो.

भारतात परिस्थिती पूर्ण वेगळी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग व तो बनवण्याची यंत्रेही येतात. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे भरण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना उत्पादनाची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. तेव्हा पुण्या-मुंबईतल्या नेमबाजांनी पुढचा मजकूर केवळ माहितीसाठी वाचावा. आणि अमेरिकेहून घरी येताना आठवण म्हणून एखादी रिकामी पुंगळीसुद्धा सामानात ठेवू नये.

गोळी सुटते तेव्हा पितळेचे काय होते

काडतुसाचे पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. बार होताना ते फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब उतरला की किंचित आकसते. म्हणूनच पुंगळी बाहेर निघते. पण ती मूळ मापावर परत येत नाही. अंग रुंदावलेले असते, मान सैल झालेली असते आणि खांदा, म्हणजे अंग निमुळते होऊन मानेला मिळते तो उतार, चेंबरच्या मापापर्यंत पुढे गेलेला असतो.

ज्या काडतुसांना बुडाशी कड किंवा पट्टा नाही, ती चेंबरमध्ये या खांद्यावर टेकतात. खांद्यावरच्या एका ठरावीक व्यासाच्या वर्तुळापासून बुडापर्यंतचे अंतर हे मग सर्वांत कळीचे माप. .३०८ विंचेस्टरमध्ये तो व्यास ०.४०० इंच, .३०-०६ मध्ये ०.३७५ आणि .२२३ रेमिंग्टनमध्ये ०.३३० इंच आहे.

आता .३०८ चेच आकडे पाहा. अमेरिकी उत्पादकांच्या ‘सामी’ या संस्थेच्या मानकाप्रमाणे काडतुसाचे हे माप १.६२७ ते १.६३४ इंच असू शकते आणि चेंबरचे १.६३० ते १.६४०. म्हणजे काडतूस आणि रायफल दोन्ही नियमात असूनही त्यांच्यात १३ थाऊपर्यंत, म्हणजे इंचाच्या १३ हजारांश भागांपर्यंत, मोकळीक राहू शकते. डाय बनवणाऱ्याला तुमचे चेंबर माहीत नसते. तो सर्वांत आखूड चेंबरमध्येही काडतूस बसेल अशी डाय करतो. डबीतल्या कागदाप्रमाणे ती फिरवली, की तुमच्या चेंबरला दोन थाऊ पुरले असते तिथे खांदा आठ-दहा थाऊ मागे जाऊ शकतो.

हे नुकसान डोळ्यांना लगेच दिसत नाही. फायरिंग पिन काडतुसाला पुढे ढकलते, दाब चढताच पुंगळीचा पातळ पुढचा भाग भिंतीला धरून बसतो, आणि जाड बूड मागच्या मोकळ्या जागेत बोल्टपर्यंत सरकते. ताण पडतो तो बुडाच्या जाड भागाच्या थोडे वर. दर बाराला तिथले पितळ ताणले जाते, पातळ होते आणि काही बारांनंतर पुंगळीचे तिथेच दोन तुकडे होतात. तसे झाले, तर अतिशय दाबाचा वायू बोल्टच्या दिशेने, म्हणजे नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने येतो. खांदा नको तितका मागे ढकलणे हे केवळ पितळ वाया घालवणे नाही, ते असे धोक्याचे आहे.

तीन वाटा, आणि त्यांतली कोणती तुमची

- फक्त मान दाबणे. गोळी धरण्यापुरती मान आवळली जाते. अंग आणि खांदा चेंबरच्या मापाचेच राहतात. बोल्ट-ॲक्शन रायफल, पुंगळ्या त्याच रायफलमधल्या आणि काम रेंजवरचे असेल, तर हे चालते. पण काही बारांनंतर बोल्ट जड लागू लागतो आणि खांदा मागे घ्यावाच लागतो. लीच्या कॉलेट डायला वंगण लागत नाही, म्हणून नवख्यांना ती सोपी वाटते.
- पूर्ण पुंगळी कागदावरच्या सूचनेप्रमाणे दाबणे. पुंगळ्या अनोळखी रायफलमधल्या असतील, किंवा तुमच्या एकाहून जास्त रायफलींत वापरायच्या असतील, तर पहिल्या वेळी हाच मार्ग.
- पूर्ण पुंगळी दाबणे, पण खांदा मोजून तेवढाच मागे. बोल्ट-ॲक्शनसाठी एक ते दोन थाऊ, अर्धस्वयंचलित रायफलसाठी तीन ते चार.

बहुतेकांनी तिसरी वाट धरावी. काडतूस दर वेळी सहज बसते, पितळ फारसे ताणले जात नाही आणि मान-डाय वेगळी घ्यावी लागत नाही. फक्त मान दाबल्याने अचूकता वाढते असे अनेक वर्षे ऐकवले गेले. पण अंग एकीकडे घासत, जोर लावून बसवलेले काडतूस नळीशी सरळ रेषेत राहीलच असे नाही, आणि बोल्ट दाबताना निशाणावरून हललेली रायफल कुठल्याच गटाला मदत करत नाही.

डाय बसवण्याची रीत

लागणारी अवजारे थोडी आहेत: एक चांगला कॅलिपर, त्याला जोडायचा खांदा मोजणारा कंपॅरेटर आणि तुमच्या काडतुसाच्या व्यासाचे त्याचे बुश. कंपॅरेटरचा आकडा मानकातल्या आकड्याशी जुळला नाही, तर घाबरू नका. बुशच्या कडेचा आकार आणि कॅलिपरचे शून्य यांमुळे तो थोडा वेगळा येतोच. तुम्हाला हवा आहे तो फरक: बारानंतरचे माप वजा दाबल्यानंतरचे माप. म्हणून दोन्ही मापे एकाच अवजाराने घ्या. मित्राच्या कंपॅरेटरवरचा आकडा तुमच्या वहीत उतरवू नका.

१. तुमच्याच रायफलमधून उडवलेल्या चार-पाच पुंगळ्या घ्या. एकाच बारात पुंगळी चेंबरचे पूर्ण माप घेतेच असे नाही, म्हणून दोन-तीनदा उडवलेल्या, बोल्टला जराशा जड लागणाऱ्या पुंगळ्या उत्तम. जुना प्रायमर आधी काढून टाका, कारण त्याचा उंचवटा माप बिघडवतो. मापे लिहून ठेवा. समजा, १.६३२ आले.

२. प्रेसचा रॅम पूर्ण वर नेऊन डाय शेल होल्डरला टेकवा आणि मग अर्धा फेरा उलटी फिरवा. आता वंगण लावलेली पुंगळी दाबून मोजा. इथे बहुतेक जण गोंधळतात, कारण माप कमी होण्याऐवजी वाढते. १.६३२ चे १.६३५ झालेले दिसते. डाय बिघडलेली नसते. अंग चोहोबाजूंनी आवळले की पितळ वर सरकते आणि खांद्याला अजून डायचा आधार मिळालेला नसतो. अर्धवट दाबलेली पुंगळी बोल्टला आधीपेक्षा जड का लागते, याचे उत्तर हेच.

३. मग डाय थोडी थोडी खाली घ्या. या डायचे आटे इंचाला १४ असतात, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला सुमारे ७१ थाऊ. एका थाऊसाठी जेमतेम पाच अंश पुरतात. डायवर आणि प्रेसवर मार्करने एकेक रेघ मारली, तर हा बारीक फेर डोळ्यांनी मोजता येतो. ‘पाव फेरा’ म्हणजे जवळजवळ १८ थाऊ, हे ध्यानात ठेवा.

४. माप १.६३० ते १.६३१ आले की थांबा. पुंगळी डायमध्ये असताना, रॅम वर ठेवूनच लॉक रिंग आवळा. डाय सरळ बसते. नंतर आणखी चार-पाच पुंगळ्या दाबून खात्री करा. प्रत्येक वेळी रॅम वर दोन-तीन सेकंद धरला, तर मापांतला फरक कमी होतो.

५. शेवटची परीक्षा रायफलमध्ये. बोल्टमधली फायरिंग पिन आणि शक्य असल्यास इजेक्टर काढून ठेवा, तरच बोटांना खरा स्पर्श कळेल. ही चाचणी रिकाम्या पुंगळीनेच करायची. भरलेले काडतूस घरात चेंबरमध्ये बसवून पाहायचे नाही, कितीही खात्री असली तरी.

डाय शेल होल्डरला घट्ट टेकूनही खांदा मागे जात नसेल, तर डाय किंवा होल्डरचे माप तुमच्या चेंबरला जुळत नाही. ती बनवणाऱ्याकडे परत पाठवा. कानशीने घासत बसू नका. उलट, डाय होल्डरला टेकलेलीच हवी आणि खांदा मात्र कमी मागे जायला हवा, अशी इच्छा असेल, तर रेडिंगचे दोन-दोन थाऊंच्या फरकाचे पाच शेल होल्डरांचे संच मिळतात. होल्डर बदलला की काम झाले.

मानेची पकड

खांद्याइतकाच गोंधळ मानेबद्दल असतो, पण उत्तर छोटे आहे. गोळी बसवलेल्या काडतुसाची मान मोजा. समजा ०.३३६ इंच आली. बुशिंग-डाय वापरत असाल, तर ०.३३४ चे बुशिंग घ्या. अर्धस्वयंचलित रायफलसाठी ०.३३३ चे. साध्या डायमध्ये मान आधी बरीच आवळली जाते आणि परत येताना आतला गोल एक्सपांडर तिला पुन्हा उघडतो. तो कोरडा घासत आला, तर मान वाकडी होते आणि खांदाही पुढे ओढला जातो. मानेच्या आत कोरडी ग्रॅफाइट भुकटी ब्रशने फिरवा. परतीच्या वेळी प्रेसचा दांडा कण्हत असेल, तर तो याचाच इशारा आहे.

वंगण: कमी लावाल तर अडकेल, जास्त लावाल तर खड्डा पडेल

कोरडी पुंगळी डायमध्ये एकदा अडकली, की शेल होल्डर बुडाची कड उपटून काढतो आणि पुंगळी आतच राहते. जोर लावू नका, हातोडाही नको. बुडाला भोक पाडून, त्यात आटे कापून, बोल्टने ती ओढून काढण्याचे तयार संच मिळतात. आरसीबीएसचा बऱ्याच दुकानांत असतो.

अंगाला पातळ, सारखे वंगण लावा, बुडाकडच्या अर्ध्या भागाला विशेष. खांद्यावर जवळजवळ काहीच नको. तिथे साचलेल्या वंगणाला पळायला जागा नसते आणि पितळेत खळगा पडतो. मेणासारखे वंगण बोटांनी चोळा, किंवा लॅनोलिन-अल्कोहोलचा फवारा मारून अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत थांबा. घाईघाईत ओल्याच पुंगळ्या दाबल्याने त्या अडकल्याचे प्रकार पुष्कळ होतात. काम झाल्यावर वंगण पुसून टाका. वंगण राहिलेली पुंगळी बाराच्या वेळी भिंतीला नीट धरत नाही आणि बोल्टवर जास्त जोर येतो.

या रायफलींसाठी नियम बदलतात

दुसऱ्या महायुद्धातली एम-१ गॅरँड अमेरिकेत अजूनही रेंजवर दिसते. तिची फायरिंग पिन स्प्रिंगने धरलेली नाही. बोल्ट पुढे आदळताना पिन प्रायमरला हलका टोला देते. खांदा पुरेसा मागे नसेल किंवा प्रायमर बुडातून वर राहिला असेल, तर बोल्ट पूर्ण बंद होण्याआधीच बार होऊ शकतो. गॅरँडसाठी फक्त मान दाबलेली पुंगळी वापरायची नाही. खांदा तीन-चार थाऊ मागे आणि प्रत्येक प्रायमर बुडाच्या पातळीखाली, यात तडजोड नाही.

आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यानपिढ्या दिसलेली थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एन्फील्ड, याच्या उलट टोकाला. अमेरिकेत ती जुन्या लष्करी साठ्यातून नेमबाजांकडे आली. तिचे काडतूस खांद्यावर टेकत नाही, बुडाच्या कडेवर टेकते; आणि युद्धकाळात चिखल-धूळ लागलेले काडतूसही बसावे म्हणून चेंबर ऐसपैस ठेवलेले. दर वेळी पूर्ण पुंगळी मूळ मापावर आणली, की खांदा पुष्कळ मागे जातो आणि दोन-चार बारांतच पुंगळी बुडापाशी तुटते. इथे फक्त मान दाबणे किंवा खांद्याला नुसता स्पर्श करणे, हेच शहाणपणाचे. .३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या पट्ट्याच्या काडतुसांनाही पहिल्या बारानंतर पट्टा विसरून खांद्याचेच माप धरावे.

रेंजवर गोळा केलेले पितळ

जमिनीवर पडलेल्या पुंगळ्या उचलण्याआधी विचारा. बऱ्याच रेंज त्यांवर आपला हक्क सांगतात. परवानगी मिळाली, तर निवड कडक करा. लोहचुंबकाला चिकटणाऱ्या पोलादी पुंगळ्या बाजूला. आत विजेरी मारून पाहा: मधोमध एक छिद्र दिसले तर ठीक, कडेला दोन बारीक छिद्रे दिसली तर ती बर्डन पद्धतीची पुंगळी; डायमधली पिन त्यावर मोडते. लष्करी पितळेत प्रायमरभोवती दाबलेली कड असते, ती काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही. शिवाय ते पितळ बहुधा जाड असते, आतली जागा कमी, त्यामुळे त्याच दारूने दाब जास्त चढतो. पितळेची कंपनी बदलली, की पुस्तिकेतल्या किमान मापापासून पुन्हा सुरुवात करा.

दाबल्यानंतर

लांबी दाबून झाल्यावरच मोजा, आधी नाही, कारण दाबताना पुंगळी लांबते. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच आहे, ती २.००५ ला छाटतात. .२२३ साठी हेच आकडे १.७६० आणि १.७५०. लांब राहिलेली मान चेंबरच्या टोकात चिमटली जाते, गोळीला सोडत नाही आणि दाब धोकादायक चढतो. छाटल्यावर आतली-बाहेरची धार मोडा.

पितळ दर दाबाला कडक होत जाते. मग पुंगळी डायमधून निघाल्यावर आकडे इकडेतिकडे होऊ लागतात आणि पुढे माना चिरतात. मान आणि खांदा तापवून मऊ करण्याने हे लांबते, पण बूड कधीही तापू देऊ नका. मऊ बूड म्हणजे निकामी आणि धोक्याची पुंगळी. ती परत कडक करण्याचा घरगुती उपाय नाही.

या सगळ्या कामात प्रायमरच्या काजळीतले शिसे हाताला आणि हवेला लागते. पुंगळ्या घोळवण्याचे यंत्र स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या खोलीजवळ ठेवू नका, ती धूळ झाडूने उडवू नका आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

पुंगळी केव्हा टाकायची

सरळ केलेल्या पेपर क्लिपचे टोक काटकोनात वाकवा आणि पुंगळीच्या आत, बुडापासून वर, भिंतीवरून ओढा. बुडाच्या थोडे वर टोक खळग्यात अडकले, तर आत पितळ पातळ झाले आहे. बाहेर त्याच उंचीवर बारीक चकचकीत कडे दिसत असेल, तर शंका घ्यायला जागा नाही. डायच्या तोंडामुळेही बुडाशी एक गुळगुळीत पट्टा उमटतो, तो निराळा. फरक पेपर क्लिपच सांगेल. मान चिरलेली, प्रायमर बोटाच्या दाबाने बसू लागलेली, खांद्यावर चर पडलेली पुंगळीही बाद. एका खोक्यातली एक पुंगळी बुडापाशी गेली, तर तिच्याबरोबर तितकेच बार झालेल्या सगळ्या तपासा. म्हणूनच खोक्यावर रायफलचे नाव, बारांची संख्या आणि खांद्याचे माप लिहिलेले असायला हवे.

बाद पुंगळ्या मोडीत देण्याआधी पकडीने त्यांच्या माना चेपा, म्हणजे त्या चुकून पुन्हा चांगल्या पितळेत मिसळणार नाहीत.